मलेरिया: ताप उतरला तरी गोळ्या का संपत नाहीत

मलेरिया झालेल्या घरात एक संवाद हमखास होतो. औषध सुरू झालं की दोन-तीन दिवसात ताप उतरतो, पेशंट उठून बसतो, भूक लागते, आणि मग कुणीतरी म्हणतंच की आता बरा झालाय ना, मग उरलेल्या गोळ्या कशाला. तसेच बाकीचे प्रश्न, म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर परत टेस्ट का सांगतात, डास तर पंधरा दिवसांपूर्वी चावला असणार मग ताप आत्ता का आला, एकदा बरा झालेला मलेरिया काही न करता परत कसा उपटला. हे सगळे प्रश्न वेगवेगळे वाटतात पण उत्तर एकाच ठिकाणी आहे: मलेरियाचा परजीवी त्या वेळी शरीरात नेमका कुठे बसलाय. तेवढं डोक्यात ठेवलं की लक्षणं, टेस्ट, औषधं, मच्छरदाणी सगळ्याची संगती लागते, म्हणून आधी त्याचा प्रवासच बघूया.

मलेरिया हा ना बॅक्टेरियाचा आजार ना व्हायरसचा. प्लास्मोडियम नावाचा एकपेशीय परजीवी असतो, त्याच्या पाच जाती माणसाला आजारी करतात, त्यातल्या दोन लक्षात ठेवल्या तरी पुरे, फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स. पहिला जास्त जीवघेणा, दुसरा जास्त चिवट. (उरलेले तीन ओव्हाले, मलेरिए आणि नोलेसी, त्यातला नोलेसी मुळात माकडांचा.)

अॅनाफिलीस जातीची डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून मूठभर परजीवी आपल्या कातडीत उतरतात, तिथून रक्तात, आणि साधारण तासाभरात लिव्हरमध्ये. नर डास चावत नाही बरं का, रक्त मादीलाच लागतं, अंडी घालायला. लिव्हरमध्ये शिरल्यावर आठवडाभर किंवा थोडं जास्त तो तिथेच वाढतो, एकाचे हजारो होतात आणि या काळात माणसाला काहीही म्हणजे काहीही होत नाही. ना ताप ना अंगदुखी, रक्त तपासलं तरी सापडणार नाही कारण तो रक्तात नाहीच. पंधरा दिवसांच्या कोड्याचं उत्तर हे. फाल्सिपेरममध्ये चावल्यापासून ताप यायला बहुतेक वेळा 7 ते 14 दिवस लागतात, व्हायव्हॅक्समध्ये थोडे जास्त, कधी कधी तर कित्येक महिने.

मग लिव्हरच्या पेशी फुटतात आणि हे हजारो परजीवी रक्तात येऊन तांबड्या पेशींमध्ये घुसतात. आतलं हिमोग्लोबिन खातात, वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि नवीन पेशी गाठतात. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्समध्ये ही एक फेरी 48 तासांची. एका पेशीतून दहा-वीस नवे बाहेर येतात त्यामुळे काही फेऱ्यांतच आकडा कुठल्या कुठे जातो. पेशी एकदम फुटतात, आतला कचरा रक्तात सांडतो, शरीर खवळतं आणि थंडी वाजून ताप येतो.

काही परजीवी मात्र वेगळं वळण घेतात, नर-मादी रूपात बदलून रक्तात नुसते फिरत राहतात. त्यांच्यामुळे पेशंटला त्रास होत नाही, ते डासाची वाट बघत असतात. पुढची मादी येऊन चावली की तिच्या पोटात जातात, तिथे त्यांचं मीलन होतं, पोटाच्या भिंतीवर गाठी येतात, त्या फुटून परजीवी लाळेच्या ग्रंथीत पोचतात. याला 10 ते 14 दिवस लागतात आणि हे सगळं तापमानावर ठरतं, थंडीत रेंगाळतं आणि साधारण 16 अंशांखाली थांबतंच. डासाचं आयुष्यच मुळात काही आठवड्यांचं, त्यामुळे बऱ्याच माद्या दुसऱ्याला मलेरिया देण्याआधीच मरतात. ही गोष्ट पुढे फवारणीच्या वेळी कामाला येणार आहे.

हे सगळं कळायला माणसाला बराच वेळ लागला. 1880 मध्ये अल्जेरियात लॅव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला पेशंटच्या रक्तात परजीवी दिसला, पण तो तिथे येतो कुठून हे माहीत नव्हतं. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला पेशंटला चावलेल्या डासाच्या पोटात त्या गाठी दिसल्या, पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्याने परजीवी डासाच्या लाळेत पोचतो हेही दाखवलं. रॉसला 1902 चं नोबेल मिळालं, लॅव्हरानला 1907 चं.

आता लक्षणं. पुस्तकातलं चित्र असं की आधी हुडहुडी भरते, चार पांघरुणं घातली तरी दात वाजतात, मग ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर जातो, मग घाम फुटून ताप उतरतो, आणि एक दिवस सोडून हेच परत. हे खरं आहे पण नेहमी होत नाही आणि सुरुवातीला तर फारच कमी वेळा होतं. कारण पहिल्या काही दिवसांत सगळे परजीवी एकाच वेळापत्रकावर नसतात, कुणी आज फुटतो कुणी उद्या, म्हणून ताप रोज येतो, दिवसातून दोनदा येतो, किंवा अंगात कायमच राहतो. फाल्सिपेरममध्ये तर ठरलेली पाळी दिसेलच असं अजिबात नाही. सोबत डोकं दुखणं, अंग मोडून येणं, मळमळ, उलट्या, थकवा. कधी खोकला नाहीतर जुलाबही होतात आणि लोक साधा व्हायरल किंवा पोट बिघडलं म्हणून चार दिवस घालवतात. लहान मुलांत तर ताप, मलूल पडणं, दूध-जेवण नको म्हणणं एवढंच दिसू शकतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की "थंडी वाजली नाही म्हणजे मलेरिया नाही" हे वाक्य बोलण्यातून काढूनच टाकावं. मलेरियाच्या भागात राहत असाल किंवा तिथून आला असाल आणि ताप आला तर टेस्ट करायची, तापाची स्टाईल बघत बसायचं नाही.

फाल्सिपेरम जीवघेणा का हे नीट समजून घेण्यासारखं आहे. व्हायव्हॅक्स बहुतेक करून नव्या कोवळ्या तांबड्या पेशींमध्येच शिरतो आणि त्या असतात थोड्या. फाल्सिपेरमला नवी-जुनी कुठलीही पेशी चालते, त्यामुळे त्याची संख्या भरमसाठ वाढते. वर त्याने पछाडलेली पेशी चिकट होते, ती बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते, म्हणजे रक्ताचा रस्ताच तुंबतो. मेंदूत हे झालं की माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्ध होतो. किडनीत झालं की लघवी कमी होते. सोबत रक्तातली साखर एकदम घसरू शकते, रक्त कमी होतं, श्वास लागतो. आणि हे सगळं कधी कधी एक-दोन दिवसांत होतं, आठवडा थांबत नाही.

त्यामुळे तापात माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागला, झटका आला, उभं राहवत नाही इतका गळून गेला, श्वास जोरात चालायला लागला, डोळे पिवळे झाले, लघवी काळपट लाल किंवा फारच कमी व्हायला लागली, प्रत्येक वेळी औषध उलटून पडतंय, मूल पीतच नाहीये, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. गरोदर बाई, पाच वर्षांखालची मुलं आणि ज्यांना आधी कधीच मलेरिया झालेला नाही असे लोक जास्त धोक्यात असतात. जिथे मलेरिया कायमचा आहे तिथल्या मोठ्या माणसांना वारंवार होऊन होऊन थोडी प्रतिकारशक्ती येते, पण ती अर्धवट असते आणि काही वर्षं त्या भागाबाहेर राहिलं की ओसरते. आणि हो, व्हायव्हॅक्स म्हणजे निरुपद्रवी असंही नाही, तोही कधी कधी गंभीर वळण घेतो.

टेस्टकडे येऊ. जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. एक जाड थेंब आणि एक पातळ पसरलेला, जाड थेंबात रक्त जास्त मावतं म्हणून परजीवी आहे की नाही ते कळतं, पातळ पट्टीवर तो कुठल्या जातीचा आणि किती पेशींत आहे ते. दुसरी पद्धत कार्ड टेस्ट, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. यात परजीवीने सोडलेली प्रथिनं पकडतात, परजीवी स्वतः नाही.

हा फरक बारीक आहे पण त्यातून दोन गोंधळ होतात. एक म्हणजे फाल्सिपेरमची कार्ड टेस्ट जे प्रथिन पकडते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे उपचार पूर्ण झाल्यावर लगेच कार्ड टेस्ट करून "अजून पॉझिटिव्हच आहे" म्हणून घाबरायचं कारण नाही, बरं झालं की नाही हे बघायला काचपट्टीच हवी. दुसरा उलटा, काही फाल्सिपेरममध्ये ते प्रथिन बनवणारा जीनच गायब असतो, 2010 मध्ये पेरूच्या अॅमेझॉन भागातून असे परजीवी पहिल्यांदा समोर आले, पुढे आफ्रिकेतही सापडले. अशा पेशंटची त्या प्रकारची कार्ड टेस्ट निगेटिव्ह येते आणि परजीवी आत मजेत असतो.

साधी निगेटिव्ह काचपट्टीसुद्धा शेवटचा शब्द नसते. सुरुवातीला संख्या इतकी कमी असते की थेंबात सापडत नाही, आणि फाल्सिपेरममध्ये तर मोठे झालेले परजीवी वर सांगितल्याप्रमाणे रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेले असतात, बोटाच्या रक्तात येतच नाहीत. म्हणून संशय असेल तर 12 ते 24 तासांनी परत, असं दोन-तीन वेळा बघतात. डॉक्टर उगाच टेस्ट लिहितात असं वाटायच्या आधी एवढं आठवावं. ताप चढलेला असतानाच रक्त द्यायला पाहिजे असं काही नाही, कधीही द्या पण मलेरियाची गोळी घ्यायच्या आधी द्या. घरातली उरलेली गोळी घेऊन मग टेस्टला जाणं हा सगळ्यात वाईट प्रकार, धड बरंही वाटत नाही आणि रिपोर्टही बिघडतो.

प्लेटलेट्स कमी आल्या की सगळे डेंग्यू डेंग्यू करतात, पण मलेरियातही प्लेटलेट्स सर्रास कमी होतात. नुसत्या त्या आकड्यावरून दोन्हीत फरक करता येत नाही. आणि रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट आत्ताच्या तापासाठी बिनकामाची, ती फक्त पूर्वी कधीतरी मलेरिया होऊन गेला एवढंच सांगते.

आता उपचार, म्हणजे त्या उरलेल्या गोळ्या.

फाल्सिपेरमवर आज आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि त्याच्यासोबत दुसरं एक, अशी जोडी तीन दिवस देतात. आर्टेमिसिनिन चीनमध्ये तू यूयू नावाच्या संशोधक बाई आणि त्यांच्या टीमने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एका जुन्या औषधी वनस्पतीतून वेगळं काढलं, त्यासाठी या बाईंना 2015 चं नोबेल मिळालं. हे औषध परजीवी झपाट्याने मारतं पण रक्तात काही तासच टिकतं, म्हणून उरलेसुरले मारायला हळू आणि जास्त दिवस टिकणारा जोडीदार लागतो. एकच औषध दिलं तर वाचलेल्यांतून दाद न देणारे परजीवी तयार होतात. तसे आधीच दिसायला लागलेत, पहिल्यांदा कंबोडियाच्या पश्चिम भागात आणि आता पूर्व आफ्रिकेतही, म्हणून अर्धवट कोर्स हा फक्त आपल्यापुरता प्रश्न राहत नाही. या जोडीतलं आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन असेल तर ते दुधासोबत किंवा थोड्या स्निग्ध खाण्यासोबत घ्यायचं, नाहीतर नीट शोषलं जात नाही. गोळी घेऊन लगेच उलटी झाली तर तो डोस गेला असं धरून डॉक्टरांना विचारायचं. गंभीर पेशंटला मात्र गोळ्या नाहीत, शिरेतून आर्टेसुनेट देतात. आधी क्विनाइन द्यायचे, पण 2005 आणि 2010 मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत आर्टेसुनेटवर जास्त पेशंट वाचले, तेव्हापासून तेच पहिलं औषध.

व्हायव्हॅक्सवर बऱ्याच ठिकाणी अजून क्लोरोक्विन चालतं, तीन दिवस, आणि जिथे चालत नाही तिथे वरचीच जोडी. यानेच ताप उतरतो. आणि इथेच लोक थांबतात. पण व्हायव्हॅक्सची एक खोड आहे, लिव्हरमध्ये गेलेल्या परजीवींपैकी सगळे वाढत नाहीत, काही तिथेच झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातला परजीवी मारतं, लिव्हरमधल्या झोपलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो जागा होतो आणि नवीन डास न चावताच मलेरिया परत. उष्ण प्रदेशातल्या जाती बहुतेक लवकर, तीन-चार आठवड्यांत उलटतात, थंड प्रदेशातल्या आठ-नऊ महिन्यांनीही. तण वरवर खुरपून मूळ जमिनीतच ठेवल्यासारखं आहे हे. आणि झोपलेला परजीवी दाखवणारी टेस्ट आजही हातात नाही, रक्त स्वच्छ येतं, पेशंट ठणठणीत असतो, तरीही तो आत असू शकतो. म्हणून ज्याला व्हायव्हॅक्स झालाय त्याच्या लिव्हरमध्ये झोपलेले आहेतच असं धरून प्रायमाक्विन देतात, जास्त करून 14 दिवस, काही ठिकाणी जास्त डोसमध्ये 7 दिवस. तब्येत छान असताना दोन आठवडे गोळ्या घेणं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण बरं वाटण्याचा आणि या गोळ्यांचा काही संबंधच नाही, त्यांचं काम दुसऱ्याच जागी चाललेलं असतं.

प्रायमाक्विनला एक अट मात्र आहे. काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना हे औषध दिलं की पेशी फुटतात, लघवी कोकसारखी काळी होते, माणूस पांढराफटक पडतो. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो म्हणून पुरुषांत जास्त. त्यामुळे आधी त्याची टेस्ट, आणि दोष निघाला तर डॉक्टर देखरेखीखाली आठवड्याला एक असा आठ आठवडे डोस देऊ शकतात. गरोदरपणात प्रायमाक्विन अजिबात नाही, कारण पोटातल्या बाळाचं एन्झाइम कसं आहे ते माहीत नसतं. सहा महिन्यांखालच्या बाळांनाही देत नाहीत. टॅफेनोक्विन नावाचं एकाच डोसचं नवं औषध आलंय पण ते शरीरात खूप दिवस राहतं, काही बिघडलं तर शरीरातून काढून घेता येत नाही, म्हणून त्याआधी एन्झाइमची टेस्ट जास्तच काटेकोर लागते.

फाल्सिपेरम असा झोपत नाही, तरी त्यातही बऱ्याच ठिकाणी प्रायमाक्विनचा एकच छोटा डोस देतात. तो पेशंटसाठी नसून डासाची वाट बघत फिरणाऱ्या त्या नर-मादी परजीवींसाठी असतो, म्हणजे थोडक्यात शेजाऱ्यांसाठी. व्हायव्हॅक्सचे हे फिरते परजीवी मात्र ताप यायच्या आधीच रक्तात आलेले असू शकतात, माणूस आजारी पडून औषध घेईपर्यंत त्याने डासांना वाटून झालेलं असतं. व्हायव्हॅक्स हटवणं अवघड जातं त्याचं हे एक कारण.

प्रतिबंधाचं बोलायचं तर अॅनाफिलीस मादी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते, डेंग्यूचा डास दिवसा. म्हणून मलेरियात मच्छरदाणीचा एवढा उपयोग होतो, त्यातही कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीचा, कारण तिच्यावर बसलेला डास मरतोही. रक्त पिऊन जड झालेली मादी बऱ्याचदा घरातल्याच भिंतीवर बसते, म्हणून आतून भिंतींवर फवारणी करतात. डास वाढायचा थांबला नाही तरी त्याचं आयुष्य दहा दिवसांच्या आत संपलं की परजीवी लाळेपर्यंत पोचतच नाही, मघाशी म्हटलं ते हेच. धूर सोडणाऱ्या गाडीने जेवढं समाधान मिळतं तेवढा उपयोग होत नाही, भिंतीवरचं न दिसणारं औषध जास्त काम करतं, असं माझं मत. अर्थात काही ठिकाणचे डास घराबाहेरच चावतात आणि बाहेरच बसतात, आणि कीटकनाशकांना दाद न देणारे डासही वाढलेत.

पाण्याचं बघायचं तर अॅनाफिलीसला बहुतेक करून स्वच्छ साचलेलं पाणी लागतं, गटार नाही. डबकी, खड्डे, भातखाचरं, आणि शहरात राहणारी स्टेफेन्सी ही जात तर टाक्या, पिंपं आणि बांधकामावरचं पाणी. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दोन आठवडे, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासली, टाक्या घट्ट झाकल्या तर पिढी मधेच तुटते. बाकी अंगभर कपडे, खिडक्यांना जाळी, डीट हे डास दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम, हे सगळ्यांना माहीत आहे.

लसही आता आहे, म्हणजे दोन आहेत. आरटीएस,एस ला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली आणि आर-ट्वेंटीवनला 2023 मध्ये. त्या फक्त फाल्सिपेरमवर आणि मलेरियाच्या भागातल्या लहान मुलांसाठी आहेत, निदान चार डोस लागतात, आणि संरक्षण पूर्ण नसतं. लस परजीवीला लिव्हरमध्ये शिरायच्या आतच गाठायचा प्रयत्न करते आणि त्यासाठी वेळ मिळतो तासाभराचा, त्यामुळे एवढं जमलं तेच पुष्कळ. 2023 साली जगात मलेरियाच्या अंदाजे 26 कोटी 30 लाख केसेस आणि 5 लाख 97 हजार मृत्यू झाले, मृत्यूंपैकी साधारण 95 टक्के आफ्रिकेत आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं, तिथे अर्धवट संरक्षणाचीही किंमत मोठी आहे.

मलेरिया नसलेल्या भागातून मलेरियाच्या भागात जाणाऱ्यांना डॉक्टर आधीपासून गोळ्या देतात. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायचं, आणि लोकांना वाटतं आता घरी आलो, डास राहिले तिकडे. पण ही औषधं रक्तातच काम करतात, शेवटच्या दिवशी शिरलेला परजीवी अजून लिव्हरमध्येच असतो, तो बाहेर येईल तेव्हा औषध रक्तात असायला हवं. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिव्हरमध्ये वाढणाऱ्यालाही मारतं म्हणून ते परतल्यावर सातच दिवस. झोपलेल्या व्हायव्हॅक्सला मात्र यातलं एकही हात लावत नाही. म्हणून सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या असल्या तरी, सहलीनंतर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी आपणच सांगायचं की मी अमुक ठिकाणी जाऊन आलोय.